सनद आणि वहिवाट

मराठी मुलुखातील जमिनीच्या जुन्या वादांची कागदपत्रे ज्यांनी चाळली असतील, त्यांना सनद आणि वहिवाट हे दोन शब्द पदोपदी भेटले असतील. सनद म्हणजे हक्काचा लेख आणि वहिवाट म्हणजे त्या हक्काचा प्रत्यक्ष भोग. १८५२ च्या अकराव्या कायद्याने मुंबई इलाख्यातील इनाम कमिशनला बळ मिळाले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असूनही कागद दाखविता आला नाही म्हणून कित्येक घराण्यांची इनामे खालसा झाली. उलट, सनद पेटीत सुरक्षित आहे आणि जमीन मात्र दुसराच कसतो आहे, असेही दाखले थोडे नव्हते. हक्क पुरा व्हावयाचा तर दोन्ही लागतात, हे त्या काळच्या साध्या कारकुनासही ठाऊक होते.

हीच जोडी आज एका सर्वस्वी नव्या क्षेत्रात आपल्यापुढे उभी आहे. सरकारी कचेरीचे दफ्तर आता संगणकात गेले आहे. जन्ममृत्यूच्या नोंदी, शिधापत्रिका, जमिनीचे उतारे, पगारपत्रके ही सारी सॉफ्टवेअरच्या आधारावर चालतात. ते सॉफ्टवेअर कोणत्या परवान्याने आपल्याकडे आले आणि ते कोणाच्या घरी नांदते, हे प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचे राहिलेले नाहीत. या प्रश्नांचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास आपल्या देशात ज्या शहरी विशेष घडला, ते शहर चेन्नई होय. नोकरीच्या निमित्ताने या शहरात येऊन राहणाऱ्या मराठी माणसांस तो परिचित असावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

प्रथम सनदेचा इतिहास पाहू. संगणकाला द्यावयाच्या आज्ञा मनुष्यास वाचता येतील अशा रूपात जेथे लिहिलेल्या असतात, त्यास मूळ संहिता म्हणतात. यंत्रासाठी तिचे जे रूपांतर होते ते माणसास सहसा उमगत नाही. विकत घेतलेल्या बहुतेक सॉफ्टवेअरबरोबर हे रूपांतरच तेवढे मिळते, संहिता मिळत नाही. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी या प्रथेविरुद्ध १९८३ च्या सप्टेंबरात ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये ‘ग्नू जनरल पब्लिक लायसन्स’ हा परवाना प्रसिद्ध केला. लेखकाचा स्वामित्वहक्क सामान्यतः इतरांना अडविण्यासाठी वापरला जातो. स्टॉलमन यांनी तोच हक्क उलट दिशेने राबविला. संहिता वाचा, बदला, वाटा. मात्र बदललेली वस्तू दुसऱ्यास द्याल तर तिची संहिताही त्याच अटींवर द्या, असे हा परवाना सांगतो. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स लिहिले व १९९२ मध्ये ते याच परवान्याखाली आणले. पुढे या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीवर जगभर चर्चा झाली, तेव्हा तिची एक परिषद २००६ च्या ऑगस्टमध्ये बंगळूर येथेही भरली होती. ती आवृत्ती २००७ च्या जूनमध्ये निघाली.

या सनदेची मर्यादा तिच्या मूळ कल्पनेतच आहे. ती वाटपाला बांधते. वापराला बांधत नाही. एखाद्या कंपनीने मुक्त संहिता घेतली, तीत हवे ते फेरफार केले आणि ती कोणास न देता आपल्याच सर्व्हरवर चालवून लोकांना केवळ सेवा पुरविली, तर जुन्या परवान्याप्रमाणे तिला काहीच उघड करावे लागत नाही. ही फट बुजविण्यासाठी २००७ च्या नोव्हेंबरात ‘ग्नू अफेरो’ नावाचा निराळा परवाना काढावा लागला. अपाचे किंवा बीएसडी यांसारख्या उदार परवान्यांत तर बदललेली संहिता परत देण्याची सक्तीच नाही. शिवाय कोणताही परवाना सर्व्हर विकत घेऊन देत नाही, त्याची देखभाल करीत नाही व मध्यरात्री बंद पडलेले यंत्र चालू करण्यास माणूस पाठवीत नाही. या गोष्टी वहिवाटीच्या कक्षेत येतात.

दुसऱ्याच्या कोठारात आपले धान्य ठेवल्याने काय होते, याचा धडा खुद्द लिनक्सलाच २००५ मध्ये मिळाला. २००२ पासून लिनक्सच्या संहितेचे सारे फेरफार ‘बिटकीपर’ या बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये नोंदविले जात. ते वापरण्याची विनामूल्य मुभा त्याच्या मालकांनी दिली होती. पुढे त्या सॉफ्टवेअरची अंतर्रचना उलगडण्याच्या एका प्रयत्नावरून वाद झाला आणि २००५ च्या एप्रिलमध्ये ती मुभा काढून घेण्यात आली. लिनक्सची सनद अबाधित होती, परंतु तिचे दैनंदिन कामकाज मात्र एका दिवसात निराधार झाले. टॉरवाल्ड्स यांनी त्याच महिन्यात ‘गिट’ हे नवे साधन लिहावयास घेतले आणि जूनमध्ये लिनक्सची आवृत्ती त्यावरून निघालीही. गिटची रचना अशी आहे, की प्रत्येक सहभागी माणसाच्या यंत्रावर संपूर्ण इतिहासासह पुरी प्रत असते. मालकाची मर्जी फिरली तरी दफ्तर हरवू नये, ही चिंता त्या रचनेत स्पष्ट दिसते.

योगायोगाने त्याच २००५ साली भारत सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने मुक्त सॉफ्टवेअरसाठी एक राष्ट्रीय साधनकेंद्र चेन्नईत स्थापन केले. सी-डॅकची चेन्नई शाखा आणि अण्णा विद्यापीठाच्या क्रोमपेट येथील आवारातील एयू-केबीसी संशोधन केंद्र या दोन संस्थांनी ते मिळून चालवावयाचे होते. सी-डॅकचे नाव मराठी वाचकांस नवे नाही. अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यात अडचणी येऊ लागल्या, तेव्हा तो आपणच बांधावा या हेतूने १९८८ मध्ये पुण्यास ही संस्था निघाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध केला. परक्याच्या परवानगीवर विसंबू नये, ही त्या संस्थेच्या जन्माची प्रेरणा. तिच्याच चेन्नई शाखेने २००७ च्या जानेवारीत ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स’, संक्षेपाने ‘बॉस’, ही डेबियन लिनक्सवर आधारलेली संगणक प्रणाली प्रसिद्ध केली. तमिळ, मराठी आदी भारतीय भाषांत पडद्यावरील मजकूर दिसावा व लिहिता यावा, अशी तिची योजना होती. पुढे शाळांसाठी तिची स्वतंत्र आवृत्तीही निघाली.

सनद हाती आली होती. आता वहिवाट व्हावयाची होती. तमिळनाडू शासनाचे ‘एल्कॉट’ हे इलेक्ट्रॉनिक्स महामंडळ १९७७ पासूनचे. शासकीय खात्यांसाठी व शाळांसाठी संगणकांची मोठी खरेदी याच महामंडळामार्फत होते. २००७ च्या सुमारास त्याचे व्यवस्थापकीय संचालक सी. उमाशंकर या सनदी अधिकाऱ्याने आधी स्वतःच्या कचेरीतील यंत्रे लिनक्सवर नेली आणि मग निविदांतही लिनक्सला मानाचे स्थान दिले. दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वी आपल्या टेबलावरून आरंभ करण्याची ही रीत विशेष म्हटली पाहिजे. २००८ मध्ये त्यांची तेथून बदली झाली. बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या वाचकांना पुढचे बरेचसे सांगावयास नकोच. एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभे राहिलेले काम त्याच्या उत्तराधिकाऱ्याच्या कपाटात कसे विसावते, हे आपण सर्वांनी कोठे ना कोठे पाहिले आहे. एल्कॉटमधून लिनक्स नाहीसे झाले असे मुळीच नव्हे. पण पहिला वेग राहिला नाही.

२०११ च्या सप्टेंबरात तमिळनाडू शासनाची विद्यार्थ्यांना लॅपटॉप मोफत देण्याची योजना सुरू झाली. त्या लॅपटॉपांत विंडोज आणि बॉस अशा दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी नांदताना दिसू लागल्या. यंत्र सुरू करताना कोणती निवडावी हे विद्यार्थ्याने ठरवावयाचे. संधी तर मोठी होती. परंतु ज्या शिक्षकाने विंडोजच पाहिलेले, ज्या दुकानदाराला विंडोजचीच दुरुस्ती ठाऊक आणि ज्या परीक्षेचे पुस्तक विंडोजची चित्रे छापून तयार झालेले, त्यांच्या संगतीत त्या मुलाने बॉस निवडावे तरी कशाच्या बळावर? ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीची दुरुस्तीसेवा तिच्या निर्मात्यांनी थांबविली. यंत्रे धडधाकट होती, पैसे चुकते झालेले होते, परवान्यात कसलाही दोष नव्हता. तरी त्या यंत्रांचे संरक्षण एका परकीय कंपनीच्या दिनदर्शिकेप्रमाणे संपले. त्या वेळी तमिळनाडू शासनाने आपल्या खात्यांना बॉस वापरण्याची सूचना केली. संकट दाराशी आल्यावर सनदेची आठवण झाली, ती अशी.

शेजारच्या केरळात निराळा क्रम घडला. तेथे ‘आयटी ॲट स्कूल’ हा प्रकल्प २००१ पासून सुरू होता. त्याने मुक्त सॉफ्टवेअर शाळांत नेताना शिक्षकांचे प्रशिक्षण, पाठ्यपुस्तके आणि परीक्षा ही तिन्ही त्याच प्रणालीवर बांधली. शाळांसाठी स्वतःची आवृत्ती तयार करून ती वर्षानुवर्षे नूतन ठेवली. २०१७ मध्ये ‘काइट’ या नावाच्या शासकीय कंपनीत त्याचे रूपांतर झाले. दोन्ही राज्यांची सनद एकच होती. फरक पडला तो कसणाऱ्या हातांमुळे. केरळात सरकारे बदलली, अधिकारी बदलले, तरी हजारो शिक्षक त्याच वाटेने चालत राहिल्याने वहिवाट मोडली नाही.

आता कोठाराचा प्रश्न पुन्हा घेऊ, कारण तो बिटकीपरबरोबर संपला नाही. गिट प्रत्येकाच्या घरी पुरी प्रत ठेवते खरे. पण सर्वांनी भेटावयाचे कोठे? ही सोय करणारे ‘गिटहब’ २००८ मध्ये निघाले आणि पाहता पाहता जगातील मुक्त संहितेचा प्रचंड साठा त्या एकाच कंपनीच्या वखारीत जमा झाला. २०१४ च्या डिसेंबरात मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या तक्रारीवरून भारतात ३२ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश निघाला, त्यांत गिटहबही होते. काही दिवस देशातील कित्येक प्रोग्रामरांना स्वतःच लिहिलेली संहिता त्या ठिकाणी पाहता येईना. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही वखार साडेसात अब्ज डॉलर्सना विकत घेतली. २०२१ मध्ये तेथील मुक्त संहितेवर शिकविलेले ‘कोपायलट’ हे कृत्रिम बुद्धीचे साधन आले आणि २०२२ च्या नोव्हेंबरात त्याविरुद्ध अमेरिकेत दावा दाखल झाला. लेखकाचे नाव व परवान्याचा मजकूर सोबत ठेवा, एवढीच ज्या परवान्यांची माफक अट, त्यांची संहिता यंत्राने वाचून तशाच ओळी नामनिर्देशाविना पुढे केल्या तर काय, असा तो प्रश्न आहे. माणसांच्या परस्परव्यवहारासाठी लिहिलेल्या सनदेत अशा वाचकाचा विचार कोणी केलाच नव्हता.

या साऱ्यामुळे अनेक प्रकल्पांनी आपली संहिता स्वतःच्या सर्व्हरवर, स्वगृही, ठेवण्याचा मार्ग पत्करला. त्यासाठी लागणारी गिटलॅब, गिटी, फोर्जेयो यांसारखी साधने मुक्तच आहेत. भारत सरकारनेही २०१५ मध्ये शासकीय कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला अग्रक्रम देण्याचे धोरण आणि शासकीय सॉफ्टवेअरची संहिता खुली करण्याचे धोरण अशी दोन धोरणे जाहीर केली व २०१७ च्या सुमारास ‘ओपनफोर्ज’ हे स्वतःचे कोठार उघडले. परंतु स्वगृही राहण्याचा खर्च स्वतःलाच सोसावा लागतो. २०२५ मध्ये ग्नोम आणि सोर्सहट यांसारख्या स्वतःचे सर्व्हर चालविणाऱ्या प्रकल्पांवर कृत्रिम बुद्धीसाठी मजकूर गोळा करणाऱ्या यंत्रांच्या झुंडी आल्या आणि त्यांना थोपविण्यातच सेवकांचा वेळ गेला. घर आपले म्हटले की दाराशी पहारेकरीही आपलाच ठेवावा लागतो.

चेन्नईकरांना याची एक वेगळी बाजू २०१५ च्या महापुराने दाखविली. १८७८ पासून निघणारे ‘द हिंदू’ हे वृत्तपत्र स्वतःच्या छापखान्यात छापले जाई. पुरामुळे कामगार मरैमलैनगरच्या छापखान्यापर्यंत पोहोचू शकले नाहीत आणि २ डिसेंबरला चेन्नईची आवृत्ती छापता आली नाही. छापखाना स्वतःचा होता. वाट पाण्याखाली गेली होती. म्हणून स्वगृही ठेवणे याचा अर्थ एकाच घरात कोंडून ठेवणे असा घेऊ नये. एक प्रत चेन्नईत असेल तर दुसरी दूर कोठेतरी उंचावर हवी. मुक्त परवाना हे करू देतो, हे त्याचे मोठेच सामर्थ्य आहे.

सनदेचे हे सामर्थ्य कमी लेखून चालणार नाही. गेल्या काही वर्षांत मुक्त संहिता लिहिणाऱ्या कित्येक कंपन्यांनी धंद्याच्या चिंतेने आपले परवाने आवळले. मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये, हाशिकॉर्पने २०२३ मध्ये, तर रेडिसने २०२४ च्या मार्चमध्ये. पण पूर्वी मुक्त केलेली संहिता त्यांना माघारी घेता आली नाही. रेडिसची जुनी संहिता घेऊन त्याच महिन्यात ‘वाल्की’ हा नवा प्रकल्प उभा राहिला आणि २०२५ मध्ये रेडिसलाही अफेरो परवान्याचा पर्याय द्यावा लागला. हा प्रकल्प उभा राहू शकला, कारण संहिता जाणणारे व यंत्रे पुरविणारे तयार होते. सनद आणि वहिवाट एकत्र आल्यावर काय घडते, याचे हे चांगले उदाहरण होय.

दोन्ही नसल्यावर काय घडते, हे २०२५ च्या जुलैत दिसले. रशियन भांडवलाच्या संबंधामुळे युरोपीय संघाने १८ जुलै रोजी नायरा एनर्जी या भारतातील तेलकंपनीवर निर्बंध घातले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिची टपाल व अन्य संगणकसेवा थांबविली. भारतीय कायद्याने कंपनीवर कोणताही निर्बंध नव्हता आणि परवान्याचे शुल्क आपण पूर्ण भरले असल्याचे तिचे म्हणणे होते. तिला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. सेवा काही दिवसांत पूर्ववत झाली. परंतु गुजरातेतील वाडीनारच्या शुद्धीकरण कारखान्यासारखा प्रचंड उद्योग चालविणाऱ्या कंपनीची पत्रापत्री परदेशातील एका निर्णयाने बंद पडू शकते, ही गोष्ट त्याने पुसली गेली नाही.

यावर स्वदेशी हा उपाय सुचतो आणि तो पुन्हा आपल्याला चेन्नईलाच आणून सोडतो. १९९६ मध्ये ॲडव्हेंटनेट या नावाने निघालेली झोहो ही कंपनी येथलीच. २०२५ च्या ऑक्टोबरात आलेल्या वृत्तांप्रमाणे केंद्र शासनाच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ई-टपाल तिच्या सॉफ्टवेअरवर नेण्यात आले. वाचकांपैकी कित्येकांची शासकीय पत्रे आज याच वाटेने जात असतील. परदेशी निर्बंधांचे भय यामुळे पुष्कळ कमी होते, आणि देशी कंपनीने एवढे कार्य पेलावे याचा अभिमानही योग्यच आहे. मात्र झोहोची संहिता मुक्त नाही. घरमालक परका होता तो आपला झाला; भाडेकरूपण तसेच राहिले. करार संपल्यावर आपली पत्रे कोणत्या रूपात परत मिळतील, दुसरा कोणी ती चालवू शकेल काय, हे प्रश्न स्वदेशीच्या शिक्क्याने सुटत नाहीत. करारातच सोडवावे लागतात.

सनदेची आणखी एक सीमा गिंडीच्या परिसरातील आयआयटी मद्रासने दाखविली. प्राध्यापक व्ही. कामकोटी यांच्या नेतृत्वाखाली तेथे ‘शक्ती’ हा संगणकाचा प्रक्रियक आखला गेला. त्याचा आराखडा खुला आहे. कोणीही घ्यावा, बदलावा. परंतु आराखड्याचा सिलिकॉन व्हावयास भट्टी लागते. २०१८ मध्ये त्याची पहिली चकती इंटेलच्या अमेरिकेतील कारखान्यात २२ नॅनोमीटरच्या तंत्राने घडली. त्यानंतरची चंडीगडच्या आपल्या प्रयोगशाळेत घडली, ती १८० नॅनोमीटरच्या जुन्या तंत्राने. २२ आणि १८० या दोन आकड्यांतील अंतर कोणताही परवाना भरून काढू शकत नाही. ते भांडवलाने, श्रमाने व दीर्घ चिकाटीनेच कमी होईल. तरीही चंडीगडची चकती घडली म्हणून पुढे २०२५ मध्ये इस्रोसाठी याच मालिकेतील ‘आयरिस’ तेथेच घडू शकला, हे विसरता कामा नये. जुन्या तंत्राची का होईना, आपल्या भट्टीत ती वहिवाट सुरू राहिली.

तमिळ देशातील मराठ्यांचा एक जुना दाखला येथे उपयोगी पडेल. १७९९ च्या तहाने तंजावरचे राज्य इंग्रजांकडे गेले आणि सरफोजी राजांकडे किल्ला व थोडा परिसर उरला. त्या अल्प अवकाशात त्यांनी देवनागरीचा छापखाना घातला. १८०६ मध्ये इसापच्या कथांचे मराठी भाषांतर तेथे छापून निघाले. सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह त्यांनी वाढविला. १८५५ मध्ये उरलेसुरले संस्थानही संपले, पण ग्रंथालय राहिले आणि १९१८ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. तंजावर दरबारचे मोडी कागद तेथे आहेत, चेन्नईच्या एग्मोर येथील अभिलेखागारातही आहेत. ते पाहण्यास मनाई नाही. परंतु ते वाचू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. कागद सुरक्षित, दार उघडे आणि वाचणारा मात्र नाही, अशा स्थितीत तो कागद नसल्यातच जमा होतो. मुक्त संहितेची गत याहून निराळी नाही. शासनाने संहिता खुली मिळविली, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवली, पण ती वाचून दुरुस्त करणारे चार लोक नोकरीत ठेवले नाहीत, तर ती संहिताही मोडीच्या रुमालांत बांधून ठेवलेली समजावी.

आपल्यापैकी अनेकांच्या हाताखालून संगणकखरेदीच्या निविदा जातात. किंमत व परवाना हे दोन रकाने त्यांत नेहमी असतात. त्यांच्या खाली आणखी काही रकाने जोडता येण्यासारखे आहेत. संहितेची पुरी प्रत आपल्या ताब्यात येणार काय? ती कोणत्या दोन ठिकाणी राहील? पुरवठादार निघून गेल्यास नोंदी दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतील अशा स्वरूपात मिळतील काय? आणि ते यंत्र जाणणारे आपल्या खात्यातील माणूस कोण. त्याची बदली झाल्यावर दुसरे कोण? या रकान्यांसाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. टिपणी लिहिणाऱ्याच्या लेखणीत तेवढा अधिकार असतो. एल्कॉटच्या कचेरीत २००७ मध्ये जे सुरू झाले ते अशाच एका टेबलावरून सुरू झाले होते. ते टेबल सोडून जाणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या मागे कागदावर काय ठेवले आणि माणसांत काय ठेवले, यावरच पुढची वहिवाट ठरते.